मशीन चुकत न्हाई

मेहकरे सरांच्या हातात मी सहा वर्षांत एकदाही खडू पाहिला नाही. त्यांच्या शर्टाच्या खिशात दोन पेनांच्या शेजारी एक पांढरी, बोथट टोकाची काडी असे. स्मार्ट बोर्डावर लिहायची काडी. ती नसली तरी चालतं, बोटानंही भागतं, हे बोर्ड बसवायला आलेल्या माणसानं माझ्यादेखत त्यांना सांगितलं होतं. पण सर ती काडी खिशाला लावून लग्नाला जात, मयतीला जात. बीदरच्या भाजीबाजारात मी त्यांना ती काडी लावून वांगी निवडताना पाहिलं आहे. वांगी मात्र बोटानंच दाबून बघत होते.

आमच्या भागात मुख्याध्यापकाला मुख्यगुरू म्हणतात. कानडीतून आलेला शब्द आहे आणि चांगला आहे. त्या शब्दाला जागणारी माणसंही मी पाहिली आहेत. मेहकरे सर त्यांतले नव्हते. नौबादला त्यांचं घर, तिथून रोज स्कूटरवर येत. शाळा आमची सरकारी, मराठी माध्यमाची, सातवीपर्यंत. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण यात गावाचा काही दोष नाही. मी तिथं मराठी शिकवते. त्या काळात काय काय शिकवलं आणि काय शिकवायचं राहून गेलं, ते पुढं येईलच.

सर आळशी नव्हते, हे आधीच सांगून टाकते. आळशी माणूस परवडला, तो निदान कुणाच्या वाटेला जात नाही. सर सकाळी सगळ्यांच्या आधी येत आणि दिवसभर राबत. फक्त ते राबणं मुलांसाठी नसे. ते सिस्टिमसाठी असे. "सिस्टिममध्ये दिसायला पाहिजे" हे त्यांचं घोषवाक्य होतं. झाड लावलं? सिस्टिममध्ये दिसायला पाहिजे. मग रोप खड्ड्यात उभं करून फोटो निघायचा. पुढं ते रोप जगलं का, हे सिस्टिम विचारत नसे, म्हणून सरही विचारत नसत.

एकदा सकाळी हजेरीचं ॲप बंद पडलं. सर तासभर शाळेच्या टॅबकडं बघत बसले. ऊन चांगलं वर आलं तशी स्वयंपाकाची रत्नाक्का दारात येऊन उभी राहिली. "सर, तांदूळ किती भिजवू?"

"थांब की जरा. आज कोणीच आलं न्हाई असं दाखवायलंय."

रत्नाक्कानं वर्गात डोकावून पाहिलं. पोरं दाटीवाटीनं बसून बडबडत होती. "मग ही काय भुतं बसल्यात काय सर?"

"तुला कळत न्हाई, गप बस. सिस्टिममध्ये शून्य हाय."

रत्नाक्का गप बसली नाही. सरळ जाऊन तिनं तांदूळ भिजवला. त्या शाळेत त्या दिवशी डोकं ठिकाणावर असलेलं तेवढं एकच माणूस होतं.

बोर्ड आला त्या दिवशी सरांनी त्याच्यापुढं नारळ फोडला. त्याला मी हसणार नाही, आम्ही मोटारीपुढं फोडतो, पिठाच्या गिरणीपुढं फोडतो. पण त्यावरचं प्लॅस्टिक त्यांनी पाच महिने काढू दिलं नाही. खोलीला कुलूप, किल्ली कमरेला, चपला बाहेर. आणि एकाही पोरानं बोर्डाला हात लावायचा नाही. तो हात लावायचाच बोर्ड होता, तेवढ्यासाठीच तो आला होता. पोरं भिंतीला टेकून, हाताची घडी घालून लांबून बघत. सर पुढं उभे राहून काडीनं टिचकी मारत आणि विचारत, "दिसायलंय का?" पोरं म्हणत, "दिसायलंय सर." झाला तास.

त्या दसऱ्याला आयुधपूजा आली. खुरप्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागतं, मग बोर्डानं काय पाप केलंय? सरांनी बोर्डाच्या चारही कोपऱ्यांना ओल्या हळदीची चांगली जाड बोटं ओढली आणि मधोमध कुंकू लावलं. सुट्टी संपून बोर्ड सुरू केला तर तो अंगात आल्यासारखा करायला लागला. कुणी हात लावलेला नसताना जगाचा नकाशा उघडायचा, मिटायचा, परत उघडायचा. सर घाबरे झाले. "व्हायरस शिरलाय," म्हणाले. बीदरहून मेकॅनिक बोलावला. त्यानं बोर्डाकडं पाहिलं, सरांकडं पाहिलं, खिशातला रुमाल काढून ओला केला आणि चारही कोपरे पुसून टाकले. वाळून बसलेल्या हळदीला बोर्ड बोट समजत होता. सरांनी अहवालात लिहिलं, "गंभीर तांत्रिक बिघाड मुख्यगुरूंनी तत्परतेने दूर केला." तो अहवाल मीच लिहून दिला होता, माझं अक्षर बरं म्हणून.

रेणुकाची आणि सरांची पहिली गाठ पडली ती हरभऱ्यावरून. रेणुका तेव्हा पाचवीत होती. बाप शंकरअण्णा शेतकरी, तूर-सोयाबीन करणारा, स्वतः अक्षर न शिकलेला. पण त्याचा एक नेम होता. संध्याकाळी बाजारातून येताना भजी आणायचा, ज्या कागदात ती बांधून यायची तो कागद रेणुकानं सरळ करायचा आणि बापाला वाचून दाखवायचा. तेलकट डागाखाली जेवढी बातमी शिल्लक असेल तेवढी. अर्धी बातमी तिथं संपली की पुढचं दोघं मिळून रचायची. हे मला शंकरअण्णानंच सांगितलं होतं, फार अभिमानानं. "मॅडम, आमच्या घरात रेडिओ हाय बगा," म्हणायचा. आणि पोरगी वाचायचीही तशीच, खणखणीत, सगळ्या वर्गाला जागं करील अशी.

तर सर बियाणं रुजतं कसं हे बोर्डावर दाखवत होते. बोर्डावर ऊन पडतं म्हणून खिडक्या बंद. त्या खिडक्यांच्या पलीकडं हाताच्या अंतरावर हरभऱ्याचं रान उगवून आलं होतं, ते एका पोरालाही दिसू नये अशी व्यवस्था. पडद्यावर एक बी फुगलं, त्याला मोड आला. खाली लिहिलेलं, हरभरा.

रेणुका उभी राहिली. "सर, ह्यो हरबरा न्हाई. ह्यो वाटाणा हाय."

"काय लिहिलंय खाली? वाच."

"हरबरा लिहिलंय. पण हाय वाटाणा. हरबऱ्याला चोच असती."

सरांनी काडी खिशात ठेवली. हे त्यांचं रागावल्याचं लक्षण. "तू कुठं शिकलीस? ज्यांनी हे केलंय ती माणसं किती शिकलीत ठावं हाय का? मशीन चुकत न्हाई. तू चुकायलीस. बस खाली."

पोरगी बसली. तो वाटाणाच होता. मी मागच्या बाकाजवळ उभी होते, मलाही दिसत होता. मी म्हटलं, जाऊ दे, एका बियाचं काय एवढं.

पुढच्या वर्षी टॅबमध्ये वाचन मोजणारं एक नवं ॲप आलं. पडद्यावर उतारा यायचा, पोरानं तो मोठ्यानं वाचायचा, टॅब ऐकायचा आणि शेवटी एक तोंड दाखवायचा. हिरवं हसरं, पिवळं ठीक, लाल रडकं. सगळ्या वर्गाची तोंडं वर जायची आणि त्यावरून शाळा चांगली की वाईट ते ठरायचं. कुठल्या तरी लांबच्या शहरात बसून कुणीतरी ते बनवलं होतं. आमच्यासारखी माणसं मराठी बोलतात हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

पहिलं नाव रेणुकाचं. सरांनीच निवडलं, कारण वाचण्यात तिचा हात कुणी धरत नव्हतं. उताऱ्यात वाक्य होतं, "आई म्हणाली, अगं, तू का रडतेस? बाबा अजून आले नाहीत." रेणुकानं झोकात वाचलं, "आई म्हणाली, अगं, तू कामून रडायलीस? बाबा अजून आले न्हाईत." आणि पुढंही तसंच. छापलेलं एक, तोंडातून येणारं दुसरं. ज्यांनी पोरांना वाचायला शिकवलंय त्यांना माहीत असतं, की हे कळल्याशिवाय जमत नाही. डोळ्यांनी घेतलेलं वाक्य तिच्या आत जायचं आणि घरचं होऊन बाहेर यायचं. माझ्या नोकरीत मी पाहिलेलं ते सगळ्यात सुंदर वाचन होतं.

टॅबनं लाल तोंड दाखवलं. खाली लिहिलं, वाचन कच्चे.

रेणुका त्या रडक्या तोंडाकडं बघत राहिली. तिला वाटलं, उतारा संपला नसेल. "सर, परत वाचू?"

परत वाचलं. परत लाल. तिसऱ्यांदा ती हळू वाचायला लागली, प्रत्येक शब्दाला टॅबकडं बघत. लाल. मागं कुणीतरी खुदकन हसलं.

"पण म्या तर नीट वाचायलेय की सर," ती म्हणाली.

"मशीन चुकत न्हाई," सर म्हणाले, आणि तिचं नाव मागं पडलेल्या मुलांच्या यादीत लिहिलं. त्या यादीत संध्याकाळपर्यंत सगळा वर्ग आला.

दुसरा कुणी असता तर त्याला प्रश्न पडला असता, की सगळाच्या सगळा वर्ग एका दिवसात मुका कसा झाला. सरांना वेगळा प्रश्न पडला. सिस्टिममध्ये हिरवं कसं दिसेल? दोन दिवस त्यांनी विचार केला आणि तिसऱ्या दिवशी त्यांना सुचलं. त्या ॲपमधले उतारे बोर्डातही होते, एका बाईच्या आवाजात वाचलेले. गोड, गुळगुळीत, प्रत्येक 'नाही' कसा इस्त्री केलेला. सरांनी बोर्ड सुरू केला, ती बाई वाचायला लागली, आणि टॅब बोर्डाच्या तोंडाशी धरला. हिरवं. टॅब इतका खूश झाला की पडद्यावर फुगे उडाले.

त्या दिवसापासून आमच्या शाळेत वाचन असं व्हायचं. बोर्ड वाचायचा, टॅब ऐकायचा, टॅब मार्क द्यायचा. पोरांचं काम एकच, आवाज करायचा नाही. मध्ये खोकला आला तर पिवळं पडतं म्हणून एका खोकणाऱ्या पोराला सर व्हरांड्यात बसवत. रेणुकाचं नाव लावायचं, बाई वाचायची, रेणुकाचं तोंड हिरवं व्हायचं. एका यंत्रानं दुसऱ्या यंत्राला परीक्षा द्यायची आणि पास झालं म्हणून पोरांकडून टाळ्या वाजवून घ्यायच्या. पुढं वाचनाच्या तासाची फिल्म वर खात्याला पाठवायची होती, तर सरांनी पोरांना बाईच्या आवाजावर नुसते ओठ हलवायला शिकवलं. रेणुकाचे ओठ सगळ्यात छान जुळत, म्हणून तिला पुढं बसवलं.

आणि टॅब कोण धरायचं? सरांचा हात दुखतो म्हणून मी. बोर्डाच्या तोंडाशी टॅब धरून मी उभी राहायचे, तोंडातून अवाक्षर न काढता. पगार चालू होता. सरांना नावं ठेवताना हे लिहायचं टाळता आलं असतं, पण मग माझ्यात आणि त्यांच्या अहवालात फरक काय राहिला?

महिनाभरानं शंकरअण्णा शाळेत आला. टोपी हातात घेऊन व्हरांड्यात उभा राहिला. सरांना भेटायचं नाही म्हणाला, मला म्हणाला.

"मॅडम, पोरगी वाचंना गेलीय. कागद पुढं टाकला तर म्हणती, मला येत न्हाई. तुमीच सांगा, येत न्हाई म्हंजी काय? कालपातूर येत होतं की."

मी म्हटलं, "अण्णा, येतं तिला. सगळ्यात चांगलं येतं."

"मग वाचंना कामून?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं होतं आणि ते मी दिलं नाही. बघते म्हटलं. तो मान डोलावून गेला.

फिल्म वर आवडली. पुरस्कारासाठी शाळा बघायला कलबुर्गीहून एक अधिकारी बाई आल्या. कानडी बोलणाऱ्या, मायाळू, मराठी कामापुरती कळणाऱ्या. फिल्ममधली पोरगी कुठली, म्हणून त्यांनीच विचारलं. रेणुकाला पुढं आणलं. बाईंनी तिच्या हातात पुस्तक दिलं, डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "ओदम्मा." वाच गं बाई.

रेणुकानं पुस्तक उघडलं. तोंड उघडलं. आणि थांबली. आम्ही सगळे थांबलो. तिनं बोर्डाकडं पाहिलं, मग सरांकडं पाहिलं, आणि अगदी सरळ, समजुतीच्या सुरात म्हणाली, "सर, मशीन लावा की. त्याच्याबिगर कसं वाचू?"

मला वाटलं, संपलं. आता सगळं उघडं पडलं. पडलं तर बरंच झालं.

अधिकारी बाईंना नीट कळलं नाही. त्यांनी सरांना विचारलं, "एन अंताळ्री?" काय म्हणते ही?

सर एक क्षणसुद्धा अडखळले नाहीत. त्यांनी कानडीत सांगितलं, की मॅडम, या मुलीला आमच्या स्मार्ट क्लासची इतकी गोडी लागली आहे की त्याच्याशिवाय हिला अभ्यासाला बसवतच नाही. बाईंचा चेहरा उजळला. त्यांनी ते वाक्य वहीत लिहून घेतलं. मला कानडी येतं. वर्गातल्या निम्म्या पोरांना येतं. रेणुकाला तर चांगलंच येतं. तिनं सरांकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. मी खाली बघितलं.

सरांना पुरस्कार मिळाला. शाल, हार, फोटो. त्या फोटोतही खिशाला काडी आहे. पुढं त्यांना कडगंचीच्या बाजूला कुठंतरी शिबिरात इतर शिक्षकांना तंत्रज्ञान शिकवायला बोलावू लागले आणि मग ते तिकडचेच झाले. एका शाळेचं वाटोळं करणाऱ्याला आपल्याकडं एकच शाळा पुरत नाही. ते गेले त्या दिवशी रत्नाक्कानं तांदूळ भिजवता भिजवता विचारलं, "गेले का सिस्टिम?" तेवढाच त्यांचा निरोप समारंभ.

बोर्डाला मी दोष देत नाही. सर गेल्यावर आम्ही तो खुला केला, पोरांनी त्यावर बोटांनी रेघोट्या मारल्या, खिडक्या उघड्या ठेवून हरभराही बघितला. बोर्ड चांगला होता. रेणुकाला मात्र परत तोंड उघडायला वर्ष लागलं. मी रोज दुपारी तिला घेऊन बसायचे. ती आधी मनात वाचायची, मग आजूबाजूला कुठं टॅब-फोन आहे का बघायची, मग कुजबुजायची. एके दिवशी शंकरअण्णानं भज्यांचा कागद शाळेत आणला. घडी घातलेला, डाग पडलेला. त्यावर कुणाच्या तरी म्हशी चोरीला गेल्याची अर्धी बातमी होती. रेणुकानं ती वाचली, कागद संपला तिथं थांबली, आणि म्हणाली, "पुढं म्हशी आपणहून घरी आल्या." बाप हसता हसता खाली बसला. मी वर्गात निघून गेले, कारण मला रडू आलं होतं.

मेहकरे सरांना शेवटचं पाहिलं ते गेल्या वर्षी. रेणुका तेव्हा दहावीत. त्यांच्या काळातल्या तिच्या एका दाखल्यावर त्यांची सही राहिली होती, म्हणून आम्ही दोघी नौबादला गेलो. सर निवृत्त झालेले, व्हरांड्यात लुंगीवर बसलेले. वर बनियन. बनियनला खिसा नसतो, म्हणून काडी कानावर. हातात फोन. रेणुकाला त्यांनी ओळखलं नाही. ओळखलं असतं तरी काय बोलले असते कोण जाणे.

सही करता करता त्यांचं लक्ष फोनकडंच होतं. पुण्याला नातू आहे म्हणाले, बारा वर्षांचा, दिवाळीला आला नाही. चष्म्यातूनही बारीक अक्षरं टिपता येत नाहीत म्हणून ते फोनशी बोलून लिहीत होते. त्यांनी फोन तोंडाजवळ धरला. "बाळा, तू कामून आला न्हाईस?"

फोननं लिहिलं, "बाळा, तू कामावर आला नाहीस."

सरांनी पुसलं. परत बोलले, जरा मोठ्यानं. परत, कामावर आला नाहीस. तिसऱ्यांदा फोन पार ओठांना टेकवून बोलले, तरी तेच. इतकी वर्षं ज्या आनंदाची मी वाट पाहिली होती तो माझ्यापुढं ताटात वाढून ठेवलेला होता, आणि मी तो चवीनं घेत होते. खोटं कशाला सांगू?

रेणुका पुढं झाली. "सर, तुम्ही चुकत न्हाई," ती म्हणाली. "मशीनला आपलं बोलणं येत न्हाई." तिनं फोन घेतला आणि बोटानं एकेक अक्षर दाबून लिहिलं, 'बाळा, तू कामून आला न्हाईस?' आणि त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं, खणखणीत.

सरांनी ते डोळ्यांजवळ धरून पाहिलं. ओठ हलले. एक क्षण त्यांचा चेहरा आजोबाचा झाला.

मग त्यांनी ते पुसून टाकलं. "अशुद्ध हाय पोरी," म्हणाले. "मशीन चुकत न्हाई. माझंच बोलणं चुकायलंय." कानावरची काडी काढून नीट केली, परत ठेवली, घसा खाकरला. आम्ही फाटकापाशी पोचलो तेव्हा मागून त्यांचा आवाज येत होता. त्या बोर्डातल्या बाईसारखा, एकेक शब्द तोडून. "बाळा. तू. का. आला. नाहीस."

या वेळी बरोबर उमटलं असावं, कारण ते लगेच थांबले.

रस्त्यावर आल्यावर रेणुकानं एकदा मागं वळून पाहिलं. मग म्हणाली, "मॅडम, त्या पोराला वाटंल, दुसरंच कुणीतरी बोलवायलंय."